सदाफुली, कळलावी आणि केमोची सलाईन: कर्करोगाची औषधे पेशीत नेमके काय करतात?

आवणी उरकत आली होती, पाऊस थोडा उघडला होता. मुरबाड तालुक्यातल्या एका गावातून एक मावशी मुलासोबत दवाखान्यात आल्या. स्तनाच्या कर्करोगासाठी मुंबईत त्यांची केमोथेरपी सुरू होती. पॅक्लिटॅक्सेल या औषधाच्या दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा सलाईन ठरल्या होत्या, त्यातल्या सात झाल्या होत्या.

"डॉक्टर, पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटतं. चिखलात पाय कुठं पडतोय ते कळत नाही," मावशी म्हणाल्या.

मुलाचा प्रश्न वेगळाच होता. त्याच्या पिशवीत सदाफुलीच्या पानांच्या रसाची बाटली होती. मोबाईलवर आलेल्या संदेशात म्हटले होते की केमोचे औषध सदाफुलीपासूनच बनते. गावातल्या कोणीतरी कळलावीचा कंद उगाळून द्यायलाही सुचवले होते. "औषध झाडपाल्यातूनच येतं, तर दर आठवड्याला मुंबईची खेप कशाला? आईला त्रासही कमी होईल," असे त्याचे म्हणणे होते.

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्यात अर्धे सत्य होते, आणि धोका त्या अर्ध्या सत्यातच होता. मावशींच्या पायाची बधिरता, सदाफुली आणि कळलावी या तिन्हींचा धागा पेशीतल्या एकाच जागी जाऊन मिळतो. ती जागा म्हणजे सूक्ष्मनलिका.

थोडक्यात महत्त्वाचे

- पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधे पेशीतल्या सूक्ष्मनलिकांचे काम बिघडवतात. त्यामुळे कर्करोगाच्या पेशीला नीट दुभंगता येत नाही.
- केस गळणे, पांढऱ्या पेशी घटणे आणि हातापायांना मुंग्या येणे यामागेही मुख्यतः हेच कारण आहे.
- केमो चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तो तातडीचा प्रसंग समजा.
- सदाफुलीचा रस हे कर्करोगाचे औषध नाही. कळलावीचा कंद जीवघेणा विषारी आहे.
- बधिरता अंगावर काढू नका आणि स्वतःहून उपचारही थांबवू नका. डॉक्टर मात्रा बदलू शकतात.

सूक्ष्मनलिका म्हणजे काय?

घर बांधताना भिंतीभोवती बांबूची परांची उभारतात. काम पुढे सरकते तशी ती एका बाजूने सोडतात आणि दुसऱ्या बाजूला बांधतात. पेशीच्या आतही अशीच परांची असते. तिचे बांबू म्हणजे सूक्ष्मनलिका.

प्रत्येक नलिका ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या लहान तुकड्यांची बनलेली असते. हे तुकडे एकावर एक रचत जातात आणि आतून पोकळ अशी नळी तयार होते. तिची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर असते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत अशा दोन-तीन हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील.

या नळ्या स्थिर नसतात. टोकाला नवे तुकडे जोडले जातात आणि नळी वाढते, मग अचानक तुकडे सुटू लागतात आणि ती ढासळते. सुटलेले तुकडे पुन्हा दुसरीकडे वापरले जातात. टिमोथी मिचिसन आणि मार्क कर्श्नर या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ही सततची उभारणी-मोडणी नेमकेपणाने मांडली. पेशीला या नळ्यांचा उपयोग होतो तो त्या अशा हलत्या असतात म्हणूनच. आपल्या औषधांचा घाव याच गुणावर बसतो.

पेशी दुभंगताना काय घडते?

एका पेशीच्या दोन पेशी होताना आतली ४६ गुणसूत्रे आधी दुप्पट होतात. मग प्रत्येक जोडी सुटून तिचा एकेक भाग दोन्ही नव्या पेशींना मिळावा लागतो. एकही गुणसूत्र इकडचे तिकडे झाले तर वाटणी चुकली.

ही वाटणी सूक्ष्मनलिका करतात. पेशीच्या दोन टोकांकडून नळ्या निघतात, मध्ये जमलेल्या गुणसूत्रांना पकडतात आणि रस्सीखेचीसारख्या दोन्ही बाजूंना ओढतात. पकड नीट बसेपर्यंत त्या वाढतात, आखडतात, चाचपडतात. हे सगळे साधारण तासाभरात उरकते.

पेशीत एक पहारेकरी यंत्रणाही असते. सगळ्या गुणसूत्रांना दोन्ही बाजूंनी नळ्या लागल्या आहेत का, हे ती पाहते. एक जरी सुटे राहिले तरी ती पुढचे काम रोखून धरते. रोख फार वेळ टिकली, तर पेशी बहुधा स्वतःच स्वतःला संपवते.

दोन औषधे, दोन तऱ्हा

परांचीचे काम बिघडवायचे तर दोन मार्ग आहेत. एक, बांबूच पळवायचे, म्हणजे परांची उभीच राहणार नाही. दुसरा, गाठी इतक्या आवळायच्या की बांधलेली परांची सोडताच येणार नाही. दोन्हींत काम अडते.

*पहिला मार्ग.* व्हिन्क्रिस्टिन, व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिनोरेल्बिन ही औषधे ट्युब्युलिनला चिकटतात आणि नळीची वाढ अडवतात. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन हे आजही पायाभूत औषध आहे. लिम्फोमातही ते वापरले जाते.

*दुसरा मार्ग.* पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल तयार झालेल्या नळीला आतून चिकटतात आणि ती ढासळू देत नाहीत. नळी ताठ होते, पण निरुपयोगी ठरते. स्तन, अंडाशय आणि फुफ्फुसाच्या कर्करोगात ही औषधे नेहमी दिली जातात.

सगळ्याच पेशी रोखल्या जाऊन मरतात असे मात्र नाही. काही पेशी पहारा चुकवून पुढे सरकतात, पण त्यांच्या गुणसूत्रांची वाटणी इतकी चुकते की त्यांच्यापासून झालेल्या पेशी जगत नाहीत. काही पेशी औषध बाहेर फेकणारे पंप वाढवून तग धरतात. म्हणूनच ही औषधे बहुतेक वेळा एकटी दिली जात नाहीत. शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा दुसरी औषधे सोबत असतात.

शहापूर-मुरबाड भागात मिश्री, तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण भेटतात. तोंड-घशाच्या कर्करोगात रेडिएशनसोबत सहसा सिस्प्लॅटिन देतात, पण मूत्रपिंड किंवा ऐकणे कमजोर असलेल्यांना ते झेपत नाही. अशा ३५६ रुग्णांवर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रेडिएशनसोबत दर आठवड्याला डोसिटॅक्सेलची छोटी मात्रा दिल्यावर दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेले. फायदा झाला, तसे दुष्परिणामही वाढले. दोन्ही तोलूनच डॉक्टर निर्णय घेतात.

ही औषधे सापडली कशी?

सदाफुली मधुमेहावर चालते असा समज अनेक देशांत होता. आपल्याकडेही सकाळी पाने चावणारे लोक आहेत. १९५० च्या दशकात कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमैकाहून सदाफुलीची पाने आली, तीही मधुमेहाच्या संशोधनासाठीच. अर्क तोंडाने दिला तेव्हा उंदरांच्या साखरेवर काही विशेष परिणाम झाला नाही. टोचून दिल्यावर मात्र उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. जे पांढऱ्या पेशी वाढू देत नाही ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर चालेल का, असा विचार पुढे आला. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन जगापुढे आणले. १९६३ मध्ये अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिनला मान्यता मिळाली.

दुसऱ्या औषधाचा धागा थेट महाराष्ट्रात येतो. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले. तिथे मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून एक द्रव्य वेगळे केले आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तेच पॅक्लिटॅक्सेल. ते नळ्या मोडत नाही, उलट घट्ट करते, हे सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मावशींच्या सलाईनमध्ये होते ते नंदुरबारच्या माणसाचा हात लागलेले औषध.

वॉल आणि वाणी यांनीच १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन हे द्रव्यही शोधले होते. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात ते पुढे आढळले. पण ते सूक्ष्मनलिकांवर चालत नाही, ते डीएनए उलगडणाऱ्या विकरावर चालते. झाडपाल्यातून आलेली सगळी औषधे एकाच रीतीने काम करतात असे समजू नये.

मग सदाफुलीचा रस का नाही?

पहिले कारण प्रमाणाचे. पानांत व्हिन्क्रिस्टिन इतके नगण्य असते की काही ग्रॅम शुद्ध औषधासाठी टनावारी सुकी पाने लागतात. दुसरे, सदाफुलीत इतरही अनेक अल्कलॉइड असतात. त्यांचे प्रमाण झाडागणिक आणि ऋतूगणिक बदलते, आणि पेलाभर रसात काय किती गेले ते कोणालाच सांगता येत नाही. तिसरे, व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतूनच दिले जाते. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. चुकून ते पाठीच्या कण्यात गेले तर जीव जातो, म्हणून रुग्णालयात त्यावर ठळक सूचना लिहिलेली असते. इतकी नेमकी मात्रा पाट्यावर वाटून मिळत नाही.

कळलावीपासून सावध

माहुलीच्या पायथ्याशी, माळशेजच्या वाटेवर पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले दिसतात, ती कळलावी. काही जण तिला खड्यानागही म्हणतात. बाळंतपणात कळा लवकर याव्यात म्हणून तिचा कंद वापरत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. घरात ठेवली तर भांडणे लागतात, असाही समज आहे.

तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. हे द्रव्यही ट्युब्युलिनला चिकटते आणि नळ्या बनू देत नाही. १९६० च्या दशकात ट्युब्युलिन सापडले तेच मुळी कोल्चिसिन कशाला चिकटते हे शोधताना. मग ते कर्करोगाला का देत नाहीत? कारण कर्करोगाला मारील एवढ्या मात्रेत ते माणसालाही मारील. गाउट या सांध्यांच्या आजारात त्याची अगदी छोटी गोळी दिली जाते, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

कंद पोटात गेल्यावर काही तासांत उलट्या, पोटात मुरडा आणि जोराचे जुलाब सुरू होतात. पटकी झाल्यासारखे वाटते. पुढच्या काही दिवसांत रक्तपेशी घटतात, मूत्रपिंड आणि हृदयावर ताण येतो. वाचलेल्यांचे केस दोनेक आठवड्यांत गळतात, अगदी केमो घेतलेल्यांसारखे. यावर सहज मिळणारा उतारा नाही. पावसाळ्यात आपल्याकडे रानातले कंद खाल्ले जातात, तेव्हा ओळख पटल्याशिवाय कंद शिजवू नका. कोणी कळलावी खाल्ली तर जुलाबांची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा लगेच रुग्णालय गाठा, आणि उरलेला कंद सोबत न्या.

त्रास होतो तो का?

या औषधांना कर्करोगाची पेशी ओळखता येत नाही. दुभंगणारी पेशी दिसली की ती तिला अडवतात. केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा इथल्या पेशी सतत दुभंगतात, म्हणून फटका तिथे बसतो. उपचार संपल्यावर बहुतेकांचे केस पुन्हा येतात आणि रक्तपेशी भरून निघतात.

पण मज्जातंतूच्या पेशी तर दुभंगत नाहीत, मग पाय का बधिर होतात? त्याचे कारण नळ्यांचे दुसरे काम. कमरेजवळच्या मज्जापेशीचा तंतू पायाच्या बोटापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर लांब जातो. पेशीत बनलेला माल त्या टोकापर्यंत सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून वाहून नेला जातो. रूळ बिघडले की सर्वांत लांबचे स्टेशन आधी उपाशी राहते. म्हणून मुंग्या आणि बधिरता पायाच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकते, मग हाताच्या बोटांना येते. व्हिन्क्रिस्टिनमध्ये आतड्याच्या मज्जातंतूंवरही परिणाम होतो, त्यामुळे कडक बद्धकोष्ठता होते. पोट दोन दिवस साफ झाले नाही तरी सांगा.

ताप आला तर

सलाईननंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. नोबल यांचे उंदीर ज्या कारणाने मेले, तोच धोका या दिवसांत रुग्णाला असतो.

- घरात थर्मामीटर ठेवा. कपाळाला हात लावून ताप ठरवू नका.
- १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त ताप, किंवा हुडहुडी भरली तर रात्र असली तरी निघा. सकाळच्या एसटीची वाट पाहू नका.
- मोजण्याआधी पॅरासिटामॉल घेऊ नका, ताप झाकला जातो.
- मुंबई दूर असेल तर आधी शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठा. केमोची फाइल दाखवा आणि "केमो चालू आहे" हे पहिले वाक्य बोला. पहिले अँटिबायोटिक इंजेक्शन लवकर मिळणे महत्त्वाचे असते.

पाय बधिर झाले असतील तर

- पुढच्या सलाईनच्या आधी डॉक्टरांना सांगा. शर्टाचे बटण लावता येत नाही, चप्पल पायातून निसटते तरी कळत नाही, अशा शब्दांत सांगा. मात्रा कमी करणे, अंतर वाढवणे किंवा औषध बदलणे शक्य असते. त्रास लपवला तर बधिरता कायमची राहू शकते.
- अनवाणी चालू नका. शेतात बूट घाला. रोज संध्याकाळी तळपाय उजेडात पाहा, काटा किंवा जखम कळलेली नसते. चिखलपाण्यात जखम उघडी ठेवू नका, लेप्टोचा धोका असतो.
- शेकोटीजवळ पाय नेऊ नका. आंघोळीचे पाणी कोपराने तपासा.
- दुखरी आग होत असेल तर ड्युलोक्सेटिनसारखी गोळी डॉक्टर देऊ शकतात. ताकदीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. असिटिल-एल-कार्निटिन या पूरक औषधाने पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधे घेणाऱ्या स्त्रियांची बधिरता वाढलेली आढळली आहे.

सलाईन लागताना

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात देतात. त्याची ॲलर्जी येऊ शकते, बहुधा पहिल्या-दुसऱ्या वेळी आणि पहिल्या काही मिनिटांत. म्हणून आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी इंजेक्शन दिले जाते. मधुमेह असेल तर स्टेरॉइडने साखर वाढते, हे लक्षात ठेवा. छातीत दडपण, धाप किंवा अंगाला खाज आली तर लगेच हाक मारा. सुईच्या जागी आग झाली तरी सोसत बसू नका. ही औषधे शिरेबाहेर गेली तर कातडी जाळतात.

जंताची गोळी आणि नायट्याची गोळी

अंगणवाडीत आणि आश्रमशाळेत मुलांना जंतासाठी अल्बेंडाझोल देतात. तीही ट्युब्युलिनवरच चालते, पण जंताच्या ट्युब्युलिनला ती जास्त घट्ट चिकटते, म्हणून मुलांना सुरक्षित असते. यावरून जंताच्या गोळ्यांनी कर्करोग बरा होतो असे संदेश फिरतात. माणसांत तसे सिद्ध झालेले नाही. त्यापायी उपचार सोडू नका.

उलट एक खबरदारी घ्या. पावसाळ्यात नायटा झाला की अनेक जण दुकानातून इट्राकोनॅझोल आणतात. ते व्हिन्क्रिस्टिनसोबत घेतले तर शरीरात व्हिन्क्रिस्टिन साचते आणि मज्जातंतूंना गंभीर इजा होते. केमो चालू असताना कोणतीही नवी गोळी, काढा किंवा चूर्ण आधी विचारून घ्या.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांत संलग्न रुग्णालयांत केमोथेरपीचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. पुढच्या काही सलाईन कल्याण-ठाण्याच्या बाजूला घेता येतील का, हेही आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा. खेप लहान झाली तर उपचार पुरा होण्याची शक्यता वाढते.

मावशींचे पुढे काय झाले?

आम्ही मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. त्यांनी एक आठवडा थांबून मात्रा कमी केली. रसाची बाटली मुलाने आमच्यासमोरच ओतून टाकली. सदाफुलीचे झाड मात्र तुळशीशेजारी राहू द्या, असे मी त्याला सांगितले. फुले सुंदर असतात, ती पाहायला हरकत नाही. उरलेल्या सलाईन मावशींनी पुऱ्या केल्या. पायाची बधिरता अजून थोडी आहे. त्या वर्षीच्या कापणीला त्या बांधावर गेल्या, पण बूट घालून.

*ही माहिती सर्वसामान्य समजुतीसाठी आहे. आपल्या उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.*